हाड माणसाचं की जनावराचं? शेतातल्या खड्ड्यापासून प्रयोगशाळेपर्यंत ओळख पटवण्याची पद्धत

पायासाठी जेसीबी लावला, विहिरीतला गाळ काढला किंवा उन्हाळ्यात नदीचं पात्र उघडं पडलं की हाडं निघतात. पोलीस पंचनामा करतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि हाडं न्यायवैद्यक विभागाकडे येतात. सोबतच्या मागणीपत्रातले प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात: हे हाड आहे का, माणसाचं आहे का, एकाच व्यक्तीचं आहे का, स्त्री की पुरुष, वय किती, उंची किती, जखमा आहेत का, मृत्यूला किती काळ लोटला. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर चुकलं की बाकीच्या सहांना अर्थ उरत नाही. शेळीचं हाड माणसाचं ठरलं तर तपास महिनोन्‌महिने भलतीकडे धावतो. बाळाचं हाड कोंबडीचं म्हणून फेकलं गेलं तर गुन्हा कायमचा गाडला जातो. दुसरी चूक पहिलीपेक्षा फार मोठी आहे, म्हणून शंका असेल तेव्हा हाड माणसाचं असू शकतं असं धरूनच पुढे जायचं.

पुढच्या सगळ्या पायऱ्या दोन नियमांवर उभ्या आहेत. हाडाची वाढ आधी बघायची, लांबी-रुंदी नंतर. सांध्याची टोकं आधी बघायची, मधला दांडा नंतर.

जागेवर

पहिलं हाड दिसताच खोदकाम थांबवा. हाड ओढून काढू नका. ओढताना टोक तुटतं आणि ओळख बहुतेक वेळा टोकातच असते. बाजूची माती मऊ ब्रश आणि बांबूच्या काडीने सोडवा, कारण लोखंडी हत्याराचा ताजा ओरखडा पुढे जखम म्हणून वाचला जाऊ शकतो. ताजी तूट आतून फिकट असते, जुनी तूट बाहेरच्या पृष्ठभागाच्याच रंगाची. तरी प्रत्येक अपघाती ओरखडा तिथल्या तिथे लिहून ठेवा.

प्रत्येक हाडाचा जागेवरचा फोटो मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण ठेवून घ्या. निघालेली सगळी माती चाळा: आधी ६ मिलिमीटरची चाळणी, मग २ मिलिमीटरची. दुसरी चाळणी टाळण्याचा मोह फार होतो आणि दुधाचे दात, बोटांची टोकं, बाळाच्या हाडांची सुटी टोकं तिथेच हरवतात.

ग्लोव्हज आणि मास्क पहिल्या मिनिटापासून हवेत. पुढे डीएनए चाचणी झाली तर हाताळणाऱ्याचा डीएनए हाडावर सापडतो आणि शेळीच्या हाडावरही "मानवी" असा निकाल येऊ शकतो.

हाडं धुऊ नका, उकळू नका, फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. सावलीत वाळवून कागदी पिशव्यांत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरा. ओलं हाड प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की काही दिवसांत बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. कवटीखाली कागदाचे गोळे द्या, सुटे दात वेगळ्या पाकिटात ठेवा. नंबर पाकिटावर लिहा, हाडावर नाही. जनावराची वाटणारी हाडंही त्याच मुद्देमालात आली पाहिजेत. ती कोणती होती हे जागेवर ठरवून फेकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

भोवतालची परिस्थिती लिहा, पण तिच्यावरून निकाल देऊ नका. गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची जागा असते, तिथे हाडं सापडणारच. अनेक गावांत मेलेल्या वानराला हळदकुंकू वाहून, नवं कापड घालून पुरतात, त्यामुळे कापड आणि कुंकू दिसलं म्हणजे पुरलेला माणूस असं होत नाही. बऱ्याच समाजांत तान्ह्या बाळांना दहन न करता पुरतात, तेही ओढ्याकाठी आणि उथळ, आणि कुत्री ते उकरतात. नदीपात्रातली जळकी हाडं रक्षाविसर्जनाची असू शकतात. तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत बाळाची हाडं निघाली तर पुरातत्त्वज्ञांना बोलवा. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली अशीच बालदफनं मिळाली आहेत.

हे हाडच आहे का?

नारळाची करवंटी, वाळलेली मुळी, चुनखडीचे खडे, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि समुद्रकिनारी प्रवाळ या वस्तू हाड म्हणून येतात. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग पुरतं. हाडाला बाहेर घट्ट थर आणि आत जाळीदार भाग असतो, पृष्ठभागावर रक्तवाहिन्यांची बारीक छिद्रं असतात. लाकडात रेषा एकाच दिशेने जातात. जळालेल्या किंवा दगडासारख्या झालेल्या तुकड्यासाठी एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र, म्हणजे वस्तूतली मूलद्रव्यं दाखवणारं यंत्र, वापरता येतं. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही असतात आणि त्यांचं वजनी प्रमाण २.१५ च्या आसपास येतं. शिंपला आणि प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने त्यांत फॉस्फरस नगण्य. आम्लाचा थेंब टाकून बघण्याची जुनी सवय पुराव्याच्या बाबतीत पूर्ण सोडा.

वाढ आधी, लांबी नंतर

सर्वाधिक चुका इथे होतात. लहान हाड दिसलं की मन "मूल" किंवा "कोंबडी" यांपैकी एकाकडे झुकतं. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या मांडीचं हाड साधारण ७ ते ७.५ सेंटिमीटर असतं आणि कोंबडीचं जवळपास तेवढंच भरतं. नुसती लांबी मोजून काही कळत नाही.

लांब हाड तीन भागांत वाढतं: मधला दांडा आणि दोन टोकांच्या वेगळ्या टोप्या. वाढ संपेपर्यंत टोपी आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चा असते. कूर्चा कुजली की टोपी सुटते आणि दांड्याचं टोक खडबडीत, छिद्राळ, लाटांसारखं दिसतं. माणसात दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक साधारण १४ ते १८ व्या वर्षी जुळतं, मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक १७ ते २० च्या सुमाराला.

समजा, १७ सेंटिमीटर लांबीचं मांडीचं हाड आलं. त्याची टोकं पूर्ण जुळलेली, गुळगुळीत, कडा ठसठशीत आहेत. माणसाचा एवढा दांडा साधारण दोन वर्षांच्या मुलाचा असतो आणि त्या वयात टोकं जुळलेली असूच शकत नाहीत. म्हणजे हे पूर्ण वाढलेल्या लहान प्राण्याचं हाड आहे, बहुधा गावठी कुत्रं किंवा शेळी. हाडावर आणखी काही न बघता माणूस इथेच बाद होतो.

हा तर्क उलटा मात्र चालत नाही. टोकं सुटी आहेत म्हणून हाड मुलाचं, असं म्हणता येत नाही. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते, बोकड बहुतेकदा वर्षाच्या आतबाहेर. स्वयंपाकघरातून कचऱ्यात गेलेल्या हाडांची टोकं म्हणूनच बहुतेक वेळा सुटी असतात. सुटी टोकं दिसली की पुढच्या पायरीवर जायचंच.

पक्ष्याचं हाड तुटलेल्या कडेवरून ओळखता येतं. भिंत पातळ आणि ताठ असते, पोकळी मोठी आणि स्वच्छ, पृष्ठभाग गुळगुळीत. बाळाच्या हाडाची भिंत तंतुमय, सच्छिद्र असते आणि भिंगाखाली लांबीच्या दिशेने रेघोट्या दिसतात.

सांध्याची टोकं

माणूस दोन पायांवर उभा राहतो आणि हात वजनातून मोकळे आहेत, त्यामुळे त्याचे सांधे गोल आणि उथळ असतात. खुरवाल्या जनावरांचे सांधे एकाच दिशेने हलायला बनलेले असतात, म्हणून त्यांत खोल खाचा आणि धारदार कंगोरे दिसतात.

*मांडीचं हाड.* गुडघ्याकडची दोन्ही गोलाकार टोकं टेबलावर टेकवून हाड उभं धरा. मोठ्या माणसाच्या हाडाचा दांडा बाहेरच्या बाजूला साधारण ९ ते १० अंश कलतो, कारण गुडघे शरीराच्या मध्यरेषेकडे येतात. शेळी, गाय, कुत्रा यांचा दांडा जवळपास सरळ उभा राहतो. हा कल मूल चालायला लागल्यावर तयार होतो, तेव्हा तान्ह्या बाळावर ही चाचणी लावू नका. दांड्याच्या मागच्या बाजूला माणसात एकच उंच, खडबडीत उभी रेघ असते, जिला लिनिया अस्पेरा म्हणतात. वर गोल डोकं आणि लांब मान. गाय-म्हशीत मान आखूड.

*दंडाचं हाड.* माणसात वरचं गोल डोकं बाजूच्या उंचवट्यापेक्षा वर असतं. शेळी आणि गाय-म्हशीत तो उंचवटाच डोक्याच्या वर जातो. कोपराकडे माणसात एक लहान गोल गोटी असते, ज्यावर रेडियस, म्हणजे कोपराखालचं अंगठ्याच्या बाजूचं हाड, फिरतो. कुत्र्याच्या या टोकाच्या वर आरपार भोक असतं. काही माणसांतही तिथे भोक सापडतं, म्हणून एकट्या भोकावर निर्णय नको. मांजरात भोक आतल्या कडेला, वेगळ्याच जागी असतं.

*कोपराखालची आणि गुडघ्याखालची हाडं.* मोठ्या शेळी, मेंढी, गाय, म्हैस, घोडा आणि गाढवात रेडियस आणि त्याच्या शेजारची अल्ना एकमेकांना चिकटलेल्या असतात. माणसात त्या सुट्या. नडगीशेजारचं बारीक हाड माणसात पूर्ण लांबीचं असतं. शेळी आणि गाईत त्याचा घोट्याजवळचा छोटा तुकडाच उरतो.

*नळी.* शेळी, मेंढी, गाय आणि म्हशीचं पायाच्या खालच्या भागातलं लांब हाड दोन हाडं जुळून झालेलं असतं. पुढच्या बाजूने उभी रेघ आणि खालच्या टोकाला दोन गोल डोकी, प्रत्येकावर मधोमध कंगोरा. घोडा-गाढवात एकच डोकं. डुकरात चार सुटी हाडं. मानवी शरीरात असं हाड नाही, त्यामुळे खालचं टोक दिसलं की काम संपलं. घोट्याचं हाडही तसंच: खुरवाल्या जोडखुरी जनावरांत दोन्ही टोकांना गोल पृष्ठभाग आणि मधोमध खाच, माणसात फक्त वरच्या टोकाला.

*गळ्याचं आडवं हाड.* एसच्या आकाराची कॉलरबोन माणसात ठळक. गाय, शेळी, घोडा, डुक्कर यांना ती नसते, कुत्र्यात नावापुरती असते. वानर-माकडांत मात्र खरी कॉलरबोन असते.

*मणके.* मानेच्या मणक्यांची संख्या सातच, माणूस असो वा म्हैस, त्यामुळे मोजून उपयोग नाही. माणसाच्या मणक्याची चकती मोठी आणि दोन्ही बाजूंनी जवळपास सपाट असते. गाय-शेळीच्या मानेच्या मणक्यात पुढची बाजू फुगीर आणि मागची खोलगट असते. त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं हाड, माणसात रुंद, वाकडी, पाच मणके जुळून झालेली. कुत्र्यात ती तीन मणक्यांची, लहान आणि सरळ. ओटीपोटाचं हाड माणसात आखूड आणि पसरट, चार पायांच्या जनावरांत लांबट आणि अरुंद.

बरगड्यांवर कधीच अवलंबून राहू नका. माणसाची बरगडी जास्त वळलेली, गाईची रुंद आणि चपटी, हे खरं, पण पाच सेंटिमीटरच्या तुकड्यात हा फरक हातात येत नाही.

कुत्र्याच्या नराला शिश्नास्थी असते. लांबट, खालच्या बाजूला खाच असलेलं हे हाड माणसाच्या सांगाड्यात कुठेच बसत नाही, आणि ते माहीत नसलेला माणूस बराच वेळ त्याला बोटाचं हाड म्हणत बसतो.

कवटी, जबडा आणि दात

पूर्ण कवटी कोणालाही ओळखता येते. खरं काम तुकड्यांचं. माणसाच्या कवटीच्या भिंतीत दोन घट्ट थर आणि मध्ये स्पंजासारखा थर असतो. आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या फांद्यांसारख्या खोबणी असतात. कासवाच्या पाठीचे तुकडे इथे हमखास फसवतात, कारण त्यांच्याही कडांना दातेरी सांधे असतात. कासवाच्या बाहेरच्या बाजूला खवल्यांच्या कडांच्या खोबणी असतात आणि आतून बरगडी चिकटलेली दिसते. गाय-शेळीच्या कपाळात मोठ्या हवेच्या पोकळ्या आणि शिंगाचा गाभा असतो.

जबडा मधोमध सुटतो का, ते बघा. शेळी आणि कुत्र्यात दोन भाग वेगळे होणं सामान्य आहे. माणसात ते पहिल्या वर्षाअखेरीपर्यंत जुळतात, म्हणून सुटा अर्धा जबडा लहान असेल तर एक्स-रे काढा. आत दुधाच्या दातांचे अंकुर दिसले की बाळाचा जबडा ओळखता येतो.

दातांची संख्या सापळा आहे. माणसाचे ३२, शेळी-गाईचेही ३२, वानराचेही ३२. शेळी-गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात आणि पुढच्या-मागच्या दातांमध्ये मोकळी जागा असते, हे पटकन दिसतं. वानराचं दंतसूत्र माणसासारखंच आहे, पण सुळे लांब असतात आणि दाढांवर दोन आडव्या धारा असतात. माणसाच्या दाढेवर गोलसर उंचवटे. डुकराचे दात ४४ असतात, पण एक सुटी, झिजलेली डुकराची दाढ मानवी दाढेच्या इतकी जवळ जाते की ती दंततज्ज्ञाला दाखवल्याशिवाय लिहू नये.

अस्वलाचा पंजा

चंद्रपूर, गडचिरोली आणि मेळघाटच्या भागात काम करणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं. नखं काढलेला, कातडी सोललेला अस्वलाचा पंजा मानवी हातापायासारखा दिसतो. माणसाच्या पायात अंगठ्याचं हाड सर्वांत जाड. अस्वलात सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूचं, पाचवं, म्हणजे डावा पंजा उजव्यासारखा वाटतो. पंज्याच्या लांब हाडांच्या बोटांकडच्या टोकाला अस्वलात मधोमध कंगोरा असतो, माणसात ते टोक गोल आणि गुळगुळीत असतं. कवटी हाती लागली तर आपल्याकडच्या अस्वलाचे वरचे मधले दोन दात जन्मतःच नसतात.

अस्वल, बिबट्या किंवा वाघाचं हाड निघालं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. वनविभागाला लगेच कळवा.

फक्त तुकडे असतील तेव्हा

दांड्याच्या तुकड्यात भिंतीची जाडी मोजा. मोठ्या माणसात मांडीच्या आणि दंडाच्या हाडाची एका बाजूची भिंत व्यासाच्या साधारण चौथा हिस्सा असते, मोठ्या सस्तन जनावरांत तिसरा हिस्सा. माणसात जाळीदार भाग भिंतीत हळूहळू मिसळतो, जनावरांत सीमा स्वच्छ असते. हा कल आहे, पुरावा नाही. वृद्धापकाळात भिंत पातळ होते आणि सगळं गणित बिघडतं.

मग सूक्ष्मदर्शक. तुकडा इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, बसवा, हिऱ्याच्या पात्याच्या संथ करवतीने पाणी सोडत १ ते २ मिलिमीटरचा काप घ्या. पाणी थांबलं की हाड तापतं आणि भेगा पडतात. काप काचेला चिकटवून ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत घासा. जाड राहिला तर थर एकमेकांवर दिसतात आणि काहीच वाचता येत नाही. आधी ४० पट, मग १०० पट मोठं करून, शक्यतो ध्रुवित प्रकाशात बघा.

गाय, म्हैस, शेळी, डुक्कर यांच्या हाडात बऱ्याचदा विटांच्या भिंतीसारखी रचना दिसते. तिला प्लेक्सिफॉर्म हाड म्हणतात. दुसरी खूण म्हणजे ऑस्टिऑन, म्हणजे हाडातल्या सूक्ष्म वर्तुळाकार नळ्या, ओळीने मांडलेल्या दिसणं. माणसात ऑस्टिऑन विखुरलेले असतात. विटांची रचना मोठ्या तुकड्यात ठळक दिसली तर हाड जनावराचं असण्याची शक्यता खूप वाढते. ती दिसली नाही म्हणून हाड माणसाचं ठरत नाही, कारण कुत्रा, मांजर आणि वानर यांच्यातही विखुरलेले ऑस्टिऑन असतात. गर्भ आणि अगदी लहान मुलांच्या हाडात अशी रचना क्वचित आढळली आहे, ही नोंदही विसरू नये.

१८९७ साली शिकागोत सॉसेजचा कारखानदार अडॉल्फ ल्युटगर्ट याच्यावर पत्नीच्या खुनाचा खटला चालला. कारखान्यातल्या पिंपातून निघालेले हाडांचे बारीक तुकडे माणसाचे असल्याची साक्ष फील्ड म्युझियमचे मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज डॉर्सी यांनी दिली, बचाव पक्षाचे तज्ज्ञ ते जनावराचे म्हणत होते. त्या काळी डीएनए चाचणी नव्हती. आज तेवढ्या तुकड्यावर फक्त नजरेच्या जोरावर मत देण्याचं कारण उरलेलं नाही.

सत्तूर किंवा करवतीच्या खुणांवरून खाटकाचं काम ओळखता येतं, पण खूण बघून हाड जनावराचं ठरवू नका. खुनानंतर मृतदेहाचे तुकडेही त्याच हत्यारांनी होतात. हाड कोणाचं, ते आधी. खूण नंतर.

जळालेलं हाड

साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या सुमाराला हाड तपकिरी-काळं पडतं, ५०० ते ६०० च्या आसपास राखाडी-निळसर आणि ८०० च्या पुढे पांढरं. पांढऱ्या हाडात डीएनए मिळण्याची आशा जवळपास नसते, तेव्हा नमुना सर्वांत कमी जळालेल्या, काळ्या किंवा तपकिरी भागातून घ्या. हाड आकसतं आणि वाकतं, म्हणून मोजमापं जशीच्या तशी वापरू नका. दातांची मुळं आणि कवटीच्या तळाचं कानाजवळचं घट्ट हाड बहुतेक वेळा टिकतं.

प्रयोगशाळेची चाचणी

आकारावरून ठरत नसेल तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए, त्यातलं सायटोक्रोम बी जनुक, हा रूढ मार्ग आहे. कोणत्या भागाचा नमुना द्यायचा हे महत्त्वाचं: कानाजवळचं घट्ट हाड, अखंड दाढ, किंवा मांडीच्या हाडाच्या मध्यातला ४ ते ५ सेंटिमीटरचा तुकडा. सांध्याची टोकं कापू नका. कापण्याआधी सगळी मोजमापं, फोटो आणि एक्स-रे पूर्ण झालेले असले पाहिजेत, कारण गेलेला भाग परत येत नाही.

महाराष्ट्रात हे नमुने मुंबईत कलिना इथल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या यंत्रणेकडे जातात. वन्यजीवाचा संशय असेल तर हैदराबादची लॅकोन्स ही वन्यजीवांच्या डीएनएवर काम करणारी प्रयोगशाळा आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था ही कामं करतात. तुलनेसाठी खरे सांगाडे हवे असतील तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजची पुरा-प्राणिशास्त्र प्रयोगशाळा आणि परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय यांना विचारा. पुस्तकातली चित्रं बघून केलेली तुलना कधीच पुरी पडत नाही. प्रत्येक शवविच्छेदन विभागात शेळी, कुत्रा, डुक्कर, वानर आणि कोंबडी यांची निदान लांब हाडं नावानिशी ठेवलेली हवीत. वानराची हाडं कायदेशीर परवानगीशिवाय जमा करता येत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.

अहवाल कसा लिहावा

प्रत्येक हाडाला नंबर आणि प्रत्येक नंबरासमोर चारपैकी एक निष्कर्ष: मानवी, मानवेतर, प्रजाती ठरवता येत नाही, हाड नाही. त्यापुढे कारण. "क्र. ३: उजव्या मांडीचं हाड, टोकं पूर्ण जुळलेली, लांबी १७.२ सेंमी, दांडा सरळ. मानवेतर. कुत्र्याच्या तुलनात्मक नमुन्याशी जुळतं." "क्र. ७: लांब हाडाच्या दांड्याचा तुकडा, ३.१ सेंमी, टोक नाही. प्रजाती ठरवता येत नाही. सूक्ष्मदर्शक आणि डीएनए तपासणीची शिफारस." तिसरा निष्कर्ष लिहायला काही डॉक्टर कचरतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरलं जातं, पण उलटतपासणीत कारणच विचारलं जातं. ३ सेंटिमीटरच्या तुकड्यावर "मानवी" लिहून कारण देता न येण्यापेक्षा शिफारस केलेली बरी.

मानवी आणि मानवेतर हाडं एकत्र आली असतील तर ती वेगळ्या पाकिटांत भरून दोन्हींवर सील करा, दोन्हींची यादी अहवालात द्या, आणि एकच हाड, म्हणजे समजा डाव्या दंडाचं हाड, दोनदा आलंय का ते तपासा. तसं असेल तर निदान दोन व्यक्ती आहेत, आणि तपास अधिकाऱ्याला हे त्याच दिवशी फोनवर कळवा.